काळोखाचा निरोप

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



पालकसभा कोणत्याही शाळेतली असो, तीत एक तक्रार हमखास ऐकू येते. मूल आठवी-नववीत गेले की रात्री बारापर्यंत त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी दहा हाका मारल्या तरी त्याचे अंथरूण सुटत नाही. आजी म्हणते, आळस अंगात भरला आहे. वडील म्हणतात, मोबाइलने बिघडवले. आई दोघांच्या मध्ये उभी राहून दुधाचा पेला पुढे करते आणि रिक्षा चुकेल या धास्तीने घड्याळाकडे पाहत राहते. मूल मात्र एकच सांगत असते: “लवकर पडलो तरी झोप येत नाही.” हे उत्तर उद्धटपणाचे मानले जाते. शरीरशास्त्र मात्र सांगते की बहुतेक वेळा ते खरे असते. त्या खरेपणाचा साक्षीदार म्हणजे मेलाटोनिन नावाचे संप्रेरक. घराघरांतील या रोजच्या भांडणाचा निवाडा करायचा, तर आधी या साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल.

मेंदूच्या खोल मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पिनियल ग्रंथी म्हणतात. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्ववेत्ता रने देकार्त याने तिला आत्म्याचे आसन मानले होते. मेंदूचे इतर भाग जोडीने असताना ही एकटीच कशी, याचे त्याला नवल वाटले. तिचे खरे काम समजण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन या अमेरिकी संशोधकांना असे आढळले, की या ग्रंथीचा अर्क दिल्यास बेडकाच्या पिलांची त्वचा फिकट होते. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी हा धागा पुढे नेला. त्वचेच्या रंगाच्या विकारांवर उपयोगी पडेल असे द्रव्य त्यांना हवे होते. गुरांच्या असंख्य पिनियल ग्रंथी गोळा करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली त्यांतील कार्यकारी द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘मेलाटोनिन’ हे नाव दिले. नावाचा पूर्वार्ध त्वचेतील काळ्या रंगपेशींवरून आला आणि उत्तरार्ध ‘सेरोटोनिन’ या द्रव्यावरून, कारण शरीर सेरोटोनिनपासूनच मेलाटोनिन घडवते. कोडावर काही हे औषध लागू पडले नाही. शोध त्वचेचा होता, हाती लागली ती रात्रीची किल्ली.

ही ग्रंथी रात्र झाल्याचे ओळखते तरी कशी? कवटीच्या आत तिला काहीच दिसत नाही. तिला बातमी पोहोचते ती डोळ्यांकडून. डोळ्यातील दृष्टिपटलात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांना आकृती दिसत नाहीत. सभोवती उजेड किती आहे, एवढेच त्या मोजतात. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. या पेशींचा शोध अगदी अलीकडचा, गेल्या शतकाच्या शेवटच्या आणि या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतला. त्यांच्याकडून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्याशा पेशीपुंजाकडे जातो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. तेथून संदेश खाली मज्जारज्जूत उतरतो, मानेतील चेतापेशींच्या गाठीपर्यंत जातो आणि पुन्हा वर चढून पिनियल ग्रंथीस मिळतो. दिवसा हे घड्याळ ग्रंथीला गप्प बसवते. अंधार पडला की तिची मुस्कटदाबी सुटते. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी सुमारे दोन तास रक्तातील मेलाटोनिन वाढू लागते, मध्यरात्रीनंतर ते शिगेला पोहोचते आणि पहाटेपासून ओसरत जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेलाटोनिन ‘झोपेचे औषध’ म्हणून प्रसिद्ध झाले आहे. परंतु उंदरासारख्या रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांतही ते रात्रीच वाढते. तो प्राणी त्या वेळी झोपत नाही, धान्याच्या कोठाराकडे निघतो. याचा अर्थ असा, की हे द्रव्य “झोप” अशी आज्ञा करीत नाही. “बाहेर काळोख झाला आहे” एवढाच निरोप ते शरीराच्या प्रत्येक अवयवाला पोहोचवते. त्या निरोपावर काय करायचे, हे ज्याचे तो ठरवतो. माणसाचे शरीर तो ऐकून तापमान किंचित उतरवते, सावधपणा सैल करते आणि झोपेची तयारी करते. निरोप वेळेवर पोहोचला तर झोप वेळेवर येते, आणि तो अडला तर डोळे मिटून पडल्यानेही येत नाही.

आतील हे घड्याळ बाहेरच्या उजेडावर केवळ अवलंबून नसते. ते स्वतःही चालते. १७२९ साली फ्रान्समधील द मेराँ या शास्त्रज्ञाने पाने मिटणारे लाजाळूसारखे रोपटे काळोखात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने सकाळी उघडत आणि सायंकाळी मिटत राहिली. भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत मदुराई कामराज विद्यापीठातील प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांचे नाव आदराने घेतले जाते. मदुराईजवळच्या गुहेतील वटवाघळांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. प्रकाशाचा किरणही न पोहोचणाऱ्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेले वटवाघूळ, गुहेतील मोकळे सोबती सायंकाळी बाहेर पडत तेव्हाच जागे होई. सोबत्यांच्या हालचालींवरून ते आपले घड्याळ लावून घेत असे. सोबती नसले की त्याचे घड्याळ हळूहळू भरकटत जाई. एका घरात राहणाऱ्या माणसांनीही हा प्रयोग मनात ठेवण्यासारखा आहे.

आता त्या न उठणाऱ्या मुलाकडे वळावे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या प्रा. मेरी कार्सकाडन यांनी किशोरवयीन मुलांच्या झोपेचा अनेक दशके अभ्यास केला आहे. त्यांच्या आणि इतरांच्या संशोधनातून असे दिसते, की वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते. मेलाटोनिन लहानपणी ज्या वेळी वाढू लागत असे, त्यापेक्षा उशिरा वाढू लागते. शिवाय दिवसभराच्या जागेपणाने साचणारी झोपेची ओढही या वयात संथपणे साचते. त्यामुळे चौथीत साडेनऊला पेंगणारे मूल नववीत अकरापर्यंत टक्क जागे राहते. हा स्वभावातला बिघाड नाही; मिसरूड फुटावे तसाच वाढीचा हा एक टप्पा आहे. झोपेची गरज मात्र कमी झालेली नसते. अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली केलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. अकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्या मुलाची झोप साडेसहा तासांचीच होते. राहिलेल्या तासांची उधारी वर्गात पहिल्या तासाला, चिडचिडीत, विसराळूपणात आणि रविवारी दुपारपर्यंतच्या लोळण्यात वसूल होते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के करण्याचे बरेचसे काम झोपेत चालते, हे लक्षात घेतले तर रात्र जागून केलेल्या अभ्यासाचे कौतुक जरा जपूनच केले पाहिजे.

निसर्गाने घड्याळ थोडे पुढे ढकललेले असते. ते आणखी पुढे ढकलण्याचे काम घरातला उजेड करतो. प्रखर प्रकाशाने माणसाचे मेलाटोनिन दबते, हे आल्फ्रेड लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवले. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, झोपण्यापूर्वीचे काही तास मंद उजेडाऐवजी खोलीतील नेहमीच्या दिव्यांत घालवले, तर मेलाटोनिनचा रात्रीचा काळ सुमारे ९० मिनिटांनी आखडतो असे आढळले. बोस्टनमधील संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा तरुणांनी लागोपाठ पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास चकाकत्या पडद्यावर पुस्तक वाचले आणि दुसऱ्या पाच रात्री छापील पुस्तक वाचले. पडद्याच्या रात्री त्यांचे मेलाटोनिन निम्म्याहून अधिक घटले आणि पुढच्या दिवशी त्याची सुरुवात सुमारे दीड तास लांबली. लहान मुलांच्या डोळ्याची बाहुली मोठी आणि भिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांच्या दृष्टिपटलावर उजेड अधिक पडतो. आईच्या उशाशी कार्टून पाहत झोपणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचा विचार म्हणूनच नववीतल्या मुलाच्याही आधी व्हायला हवा.

या चित्राची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात २०१६ साली केलेल्या प्रयोगात, दिवसा साडेसहा तास भरपूर उजेडात राहिलेल्या तरुणांनी सायंकाळी दोन तास टॅब्लेटवर वाचले, तरी त्यांच्या मेलाटोनिनवर परिणाम आढळला नाही. प्रयोग लहान होता. परंतु त्याचा रोख महत्त्वाचा आहे. दिवस खरोखर दिवसासारखा असेल, तर रात्रीच्या दिव्याची सत्ता कमी होते. पावसाळ्यातले दिवस सोडले तर आपल्या देशात उन्हाची टंचाई नाही. टंचाई आहे ती उन्हात जाण्याच्या वेळेची. शाळेतून शिकवणीला, शिकवणीतून दुसऱ्या शिकवणीला जाणाऱ्या मुलाचा दिवस ट्यूबलाइटखाली उजाडतो आणि ट्यूबलाइटखालीच मावळतो. मैदानावरचा तास हा अभ्यासातून चोरलेला वेळ नसून रात्रीच्या झोपेची आगाऊ रक्कम आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असेल. भारताचा पसारा पूर्व-पश्चिम सुमारे २९ रेखांशांचा आहे, आणि साऱ्या देशाचे घड्याळ मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. आसामात दिब्रुगडला सूर्य जेव्हा उगवतो, त्यानंतर सुमारे पावणेदोन तासांनी तो कच्छातल्या भुजला उगवतो. आसामच्या चहामळ्यांत म्हणूनच एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पाळली जात आली. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील मुलांच्या दिनक्रमाची आकडेवारी तपासली, तेव्हा सूर्यास्त तासभर उशिरा होणाऱ्या भागांत मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात असे दिसले. कारण सरळ आहे. उशिरा मावळणाऱ्या सूर्यामुळे मुले उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा सूर्य पाहून वाजत नाही. बडोद्यातील मराठी मुलाला आणि कोलकात्यातील मराठी मुलाला एकाच वेळेला झोपवता येत नाही, यात दोघांपैकी कोणाचाही दोष नाही.

मग कोणी विचारील, मेलाटोनिनच कमी पडत असेल तर त्याची गोळी का देऊ नये? अमेरिकेत ते अन्नपूरक म्हणून दुकानात सहज मिळते, रंगीत गोड गोळ्यांच्या रूपातही मिळते. भारतातही औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन त्या दिसू लागल्या आहेत. परदेशी गेलेला एखादा माजी विद्यार्थी सुट्टीत येताना बदामांच्या पाकिटाबरोबर भाचरांसाठी त्याही घेऊन येतो. म्हणून याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. लांबच्या विमानप्रवासानंतर विस्कटलेले घड्याळ सावरण्यास, प्रकाश न जाणवणाऱ्या अंध व्यक्तींच्या झोपेची लय बसवण्यास आणि स्वमग्नतेसारख्या स्थितीतील काही मुलांना वैद्यकीय देखरेखीखाली मेलाटोनिनचा खरोखर उपयोग होतो. परंतु निद्राविकारांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१३ साली घेतला गेला, तेव्हा झोप लागण्याचा वेळ सरासरी सुमारे ७ मिनिटांनीच कमी झाल्याचे दिसले. २०२३ साली अमेरिकेतील २५ प्रकारच्या गोड गोळ्या तपासण्यात आल्या. त्यांपैकी २२ मध्ये वेष्टनावरचा आकडा आणि आतील मात्रा यांचा मेळ नव्हता. काहींत ती छापल्याच्या तिपटीहून जास्त होती. २०१२ साली मुलांनी मेलाटोनिन गिळल्याच्या ८,३३७ नोंदी तेथील विषबाधा केंद्रांकडे झाल्या होत्या. २०२१ साली त्या ५२,५६३ झाल्या. गोळी गोड असली तरी ती संप्रेरकाची आहे. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून ती मुलाच्या हाती पडता कामा नये. दिवा लावून ठेवायचा आणि अंधाराची गोळी द्यायची, यापेक्षा दिवा मालवणे स्वस्त आणि सुरक्षित आहे.

काळोखाचा हा निरोप केवळ झोपेपुरता नसतो. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीही तो ऐकतात आणि रात्री आपले काम मंदावतात. स्पेनमध्ये झालेल्या अभ्यासात, झोपेच्या तोंडावर जेवल्यास मेलाटोनिन चढलेल्या शरीराला रक्तातील साखर आवरणे जड जाते असे दिसले. रात्री साडेदहाला ताटे मांडणाऱ्या शहरी घरांनी हे ध्यानात घ्यावे. हैदराबाद, बंगळुरू, गुरुग्राम येथे अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारे अनेक माजी विद्यार्थी येथे उपस्थित आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराची लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाची आणि २०१९ साली रात्रपाळीची नोंद ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्याला आजार होणारच असा नाही. पण ज्यांना पर्याय नाही, त्यांच्या दिवसाच्या झोपेला घरच्यांनी तरी रात्रीचा मान द्यावा: खिडकीला जाड पडदा, दाराची घंटा बंद आणि “दिवसा काय झोपतोस” हा शब्द ओठांवर नाही. आजी-आजोबांच्या शरीरात वयानुसार हे संप्रेरक कमी झालेले असते. त्यांची झोप विरळ होते ती यामुळेही. पहाटे चारला उठलेल्या आजोबांनी स्वतःच्या घड्याळावरून नातवाला आळशी ठरवणे म्हणजे एका घराच्या घड्याळाने दुसऱ्या घराची वेळ सांगणे आहे.

शाळांनाही या विषयात आपली बाजू तपासून पाहावी लागेल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली असे सुचवले, की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरू नयेत. सिअ‍ॅटल शहरात २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ करण्यात आली. मुले तेवढीच अधिक उशिरापर्यंत जागतील, अशी शंका अनेकांना होती. प्रत्यक्षात त्यांची झोप ३४ मिनिटांनी वाढली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. निर्णय मायेचा आहे. तथापि ज्यांचे घड्याळ निसर्गतःच उशिरा चालते, ती आठवी ते बारावीची मुले त्यात आलेली नाहीत. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत मोठ्या मुलांना सकाळचे सत्र देण्याची प्रथा सोयीची आहे, जुनीही आहे. इमारत, वाहने, शिक्षक या साऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण हीरक महोत्सव म्हणजे केवळ मागे पाहण्याचे निमित्त नव्हे. साठ वर्षे चाललेले वेळापत्रक मुलांच्या शरीराशी जुळते का, हा प्रश्न शाळेने, व्यवस्थापनाने आणि पालकांनी एकत्र बसून विचारावा, इतके शहाणपण साठीत यायला हरकत नाही. सहा वाजताच्या शिकवण्यांना मात्र इमारतीचीही सबब नाही. तो निर्णय सर्वस्वी पालकांच्या हाती आहे.

घरी काय करावे, हे सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. सकाळी उठल्यावर अर्धा तास मूल गॅलरीत, अंगणात किंवा शाळेच्या वाटेवर उजेडात असावे. रात्री जेवणानंतर घरातले वरचे पांढरे दिवे मालवून एखादा पिवळसर, खाली ठेवलेला दिवा लावावा. झोपण्यापूर्वी तासभर सर्वांचे फोन, वडिलांचाही, बैठकीत एका जागी ठेवले जावेत. रविवारी उठण्याची वेळ इतर दिवसांपेक्षा तासाभराहून अधिक पुढे जाऊ नये. आणि महिना-दोन महिने हे सारे करूनही झोप लागत नसेल, मूल उदास किंवा घाबरलेले वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे; रागवून वेळ दवडू नये.

पूर्वी मराठी घरांत तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागे, शुभंकरोती होई, जेवणे लवकर आटोपत आणि कंदील बारीक केला जाई. त्या दिनक्रमामागे संप्रेरकांचे ज्ञान नव्हते. तेल महाग होते आणि वीज आलेली नव्हती. त्या टंचाईचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून शिकलेल्या पिढीने वीज यावी म्हणून वाट पाहिली होती. फरक एवढाच, की त्या काळी काळोख आपण होऊन घरात येत असे आणि आता त्याला बोलवावे लागते. मराठीत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: पोहोचवलेला संदेश आणि घेतलेली रजा. गेल्या काही दशकांत घरांनी काळोखाला दुसऱ्या अर्थाने निरोप दिला. मुलांच्या झोपेसाठी त्याला पहिल्या अर्थाने पुन्हा येऊ द्यावे. आज रात्री घरोघरी एक दिवा अर्धा तास लवकर मालवला गेला आणि उद्या सकाळी एका मुलाला ‘आळशी’ या शब्दावाचून हाक मारली गेली, तरी या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.